कांडपातला होकार

दुर्वानं माझ्याशी सातशे बारा वेळा बोलून घेतलं होतं, आणि त्यातल्या एकाही वेळी मी तिथं नव्हते.

हे वाचून कुणालाही वाटेल म्हातारीला भ्रम झाला. झालेला नाही. सदुसष्ट वर्षांची आहे, जयसिंगपुरात मिरची कांडप चालवते. आठ गावच्या बायका वर्षाचं तिखट माझ्याकडून कांडून नेतात, आणि कुठला डबा कुणाचा हे मी झाकण न उघडता वासावरून सांगते. शिकले चौथीपर्यंत. पण अंगठा लावत नाही, सही करते. शालन रघुनाथ खोत, एका दमात. त्या सहीनंच सगळा घोटाळा केला, ते पुढं येईल.

आधी आमच्या कांडपाची रीत सांगते, ती कळल्याशिवाय बाकीचं कळायचं नाही. आमच्याकडं होकार तोंडानं देत नाहीत. मार्च-एप्रिलात डब्यांची रांग दारातून रस्त्यावर जाते. कुणी बाई येते, म्हणते, आक्का, आजच पाहिजे, लेकीकडं पाठवायचंय. मी म्हणते, नाही. ती म्हणते, एवढ्या लांबनं आले. मी म्हणते, नाही म्हणजे नाही, मी बोलावलं होतं का तुला? ती तिथंच उभी राहते. मी माझं काम करत राहते. मग कधीतरी, तिच्याकडं न बघता, मी तिचा डबा उचलते आणि रांगेत ठेवते. झालं. ती मुकाट घरी जाते आणि संध्याकाळी येऊन तिखट घेऊन जाते.

ही रीत माझ्या सासूची. एकीला तोंडानं हो म्हटलं की मागच्या दहा जणींना ते ऐकू जातं, मग सगळ्यांनाच आज पाहिजे असतं. उचललेला डबा एकीचाच असतो. नवी सून असली की नाही ऐकून फणकाऱ्यानं निघते, आणि बाकीच्या तिला हसत हाक मारतात, अगं थांब, आक्का आधी नाहीच म्हणते.

दुर्वा माझी नात, सुयोगची, माझ्या मुलाची मुलगी. याच मिरचीच्या पोत्यांवर बसून ती मोठी झाली. देठ खुडता खुडता पाढे पाठ केले तिनं. सगळं गाव मला आक्का म्हणतं म्हणून तीही आक्काच म्हणते.

तर या दुर्वाला आमच्या इथल्याच कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जागा मिळाली, आणि पहिल्या वर्षाचे विषय ठरवायची वेळ आली.

पूर्वी म्हणे पहिल्या वर्षाला सगळ्यांना सारखेच विषय असायचे आणि निम्मी पोरं तिथंच अडकायची. आता चौतीस विषयांची यादी असते. त्यातून वर्षाला चाळीस क्रेडिट भरतील असे निवडायचे, कुठला आधी आणि कुठला नंतर तेही ठरवायचं. क्रेडिट म्हणजे त्या विषयाचं वजन. एखादा चुकीचा घेतला किंवा सोडला की पुढची दारं बंद. म्हणून कॉलेजांनी पडताळा आणला.

पडताळा म्हणजे मुलाची नक्कल. शाळेच्या दहा वर्षांत पोरानं काचेच्या पाटीवर सोडवलेलं प्रत्येक गणित, कुठं थांबलं, काय खोडलं, कुठल्या प्रश्नाला घाबरून पुढं गेलं, मनगटावरच्या पट्टीत नोंदलेली झोप, हे सगळं कालवून संगणकात एक खोटं पोर उभं करतात. त्याला विषयांचा एक संच देतात आणि वर्ष काढायला लावतात. आपलं वर्ष त्याला काही क्षणांचं. नापास झालं की पुसायचं, दुसरा संच द्यायचा. अशी चार हजार वर्षं एका दुपारी. ज्या संचात ते खोटं पोर जास्तीत जास्त वेळा पार पडतं, तो संच खऱ्या पोरासाठी चांगला.

पण त्यांच्या असं लक्षात आलं की पोरं गणितानं कमी आणि घरानं जास्त अडकतात. ऐन परीक्षेत बापाचा दवाखाना निघतो, बहिणीचं लग्न निघतं, नाहीतर कॉलेज सोड म्हणून रोजची भुणभुण. म्हणून घरच्या माणसांच्याही नकला त्यात घालायला लागले. माणूस कशावर चिडतं, कशावर विरघळतं, हे त्याच्या आवाजाच्या नोंदींवरून शिकून घेतात. आवाज जितका जास्त, तितकी नक्कल पक्की.

आणि माझा आवाज पोत्यानं होता. सहा वर्षांपूर्वी सुयोगनं कांडपाच्या भिंतीवर एक डबी बसवली. कुणाचं किती किलो, लसूण घालायचा की नाही, हे बायका बोलतात ते ऐकून ती चिठ्ठी छापते. मी तिला कानी म्हणते. सकाळी आठ ते संध्याकाळी सात तिचे कान उघडे, आणि तेवढा वेळ माझं तोंडही उघडं.

फेब्रुवारीत दुर्वानं पाटी पुढं केली, म्हणाली, आक्का, घरच्यांची संमती लागते. मी चष्मा शोधायला लागले. ती म्हणाली, राहू दे, अंगठा लावलास तरी चालेल. हे ऐकलं आणि मी चष्मा न लावताच सही ठोकली. तेव्हा अजून नक्कल झाली नव्हती. ती अंगठ्याची युक्ती तिच्या स्वतःच्या डोक्यातली.

एप्रिलात दुपारी चारला गर्दी ओसरते. तेव्हा दुर्वा पाटी घेऊन माझ्या शेजारी पोत्यावर येऊन बसायला लागली. म्हणाली, आक्का, विषय निवडायचेत, तू सांग. खरं सांगते, मला आतून गुदगुल्या झाल्या. वरवर म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं, बापाला विचार. ती नुसती हसली आणि यादी वाचायला लागली.

नऊ दुपारी चाललं ते. गणित एक आधी आणि गणित दोन नंतर, हे मला लगेच पटलं. धणे न भाजता कांडायला घेतले तर काय होतं ते मी तिला सांगितलं, तिनं मान डोलावली. विद्युत आणि सर्किट घ्यायचं ठरलं, कारण मोटर तापली की मिरचीचा रंग उतरतो, आणि ते आधी कळेल असं काहीतरी ती बसवून देणार होती. इंजिनिअरिंग ड्रॉइंगवर भांडण झालं. ती म्हणाली सोडते. मी म्हटलं घे, सुताराला येतं ते इंजिनिअरला नको यायला? तिनं कुरकुरत घेतला. संवादकौशल्य नावाचा एक विषय होता, दोन क्रेडिटचा. बोलायला शिकवायला कॉलेज कशाला, असं मी म्हटलं आणि आम्ही दोघी हसलो. तो खोडला.

एकदा मी विचारलं, हे प्रोग्रामिंग, प्रोग्रामिंग म्हणतेस ते असतं तरी काय? ती उठली आणि डंखाजवळ जाऊन उभी राहिली. डंख म्हणजे आमचं कांडपाचं यंत्र, लोखंडी मुसळं एकामागून एक वर जातात आणि खाली पडतात.

"बघ आक्का," ती म्हणाली. "उचल, आपट, चाळ. जाड राहिलं? पुन्हा उचल, आपट, चाळ. बारीक झालं की थांब. हाच प्रोग्राम. तू चाळीस वर्षं हेच करतेस, फक्त कागदावर लिहीत नाहीस."

त्या दिवशी आलेल्या प्रत्येक बाईला मी हे सांगितलं. उदगावच्या कमलला तर दोनदा. वर हेही सांगितलं की एवढी शिकणारी पोर एकेक विषय आजीला विचारून घेते.

आठव्या दुपारी चिपघडण आली, म्हणजे संगणकातल्या चिपा बनवायचा विषय. चार क्रेडिट. दुर्वा म्हणाली, हा नको, फार अवघड आहे, मला नाही झेपायचा, कुणीच घेत नाही. खोडायला तिनं बोटसुद्धा उचललं. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, अवघड म्हणून सोडायचं हे या घरात कुणी शिकवलं तुला? तुझा आजा गेला तेव्हा मला डंखाचा पट्टा बदलता येत नव्हता. शिकले की नाही? घ्यायचा म्हणजे घ्यायचा.

तिनं मान खाली घातली. "बरं. तू म्हणतेस तर," ती म्हणाली.

तू म्हणतेस तर. आठवडाभर मी ते शब्द जिभेवर घोळवत होते.

पुढच्या मंगळवारी, कांडपात दहा-बारा बायका असताना, कानी एकदम बोलली. एरवी ती फक्त चिठ्ठ्या छापते. म्हणाली, शालन रघुनाथ खोत यांच्यासाठी. पडताळ्यातल्या तुमच्या प्रतिरूपाचा वापर पूर्ण झाला. एकूण संवाद सातशे बारा. नियमानुसार तुम्हाला नोंद ऐकण्याचा हक्क आहे. ऐकायची आहे का?

मी सवयीनं म्हटलं, नाही.

धन्यवाद, कानी म्हणाली, आणि तिचा दिवा विझला.

बायका खो खो हसल्या. कमल म्हणाली, बघा, या कानीला उभं राहायचं माहीत नाही. मीही हसले. मग हसता हसता तो आकडा माझ्या डोक्यात शिरला.

सुयोगला विचारलं तर तो चिठ्ठ्यांचा गठ्ठा लावत बसला. म्हणाला, आक्का, सगळ्यांच्याच घरी असतं ते, खऱ्या माणसाशी बोलायच्या आधी पोरं त्याच्या नकलेशी बोलून बघतात. हवामान बघतात ना, पाऊस आहे का, छत्री घ्यायची का, तसं. मी म्हटलं, सातशे बारा वेळा छत्री? मी विचारलं, आवाज तूच दिलास? तो म्हणाला, सही तुझी होती.

मग त्यानं बाकीचं सांगितलं. नोंद शनिवारपर्यंत केव्हाही ऐकता येते, पण ऐकली असो वा नसो, शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत मी स्वतःच्या तोंडानं कानीला मान्य म्हणायचं. नाही म्हटलं किंवा गप्प राहिले, तर माझी नक्कल वापरून केलेली दुर्वाची सगळी योजना रद्द. उरलेल्या विषयांतून नव्यानं निवडायचं. आणि चिपघडणीच्या जागा बाराच, त्या कधीच भरल्यात.

मला तेव्हा वाटलं, एका विषयानं काय बिघडतंय. बुधवारी कांडप उघडायच्या आधी, सकाळी सातला, मी त्याला नोंद लावायला लावली.

पहिला संवाद. दुर्वाचा आवाज, जरा कापरा. "आक्का, मला चिपघडण घ्यायचीय. ती घेतली की दिवाळीनंतर कोइमतूरला जावं लागतं, चार वर्षं. चिपा बनवायचा कारखाना तिथंच आहे. मला जायचंय. जाऊ?"

आणि मग माझा आवाज. आधीचा बारीक खोकलासुद्धा माझाच.

"नाही. नाही म्हणजे नाही."

टक्. दुर्वानं माझ्या नकलेला बंद केलं.

मी सुयोगकडं बघितलं. त्यानं मला समजावून सांगितलं. चिपेवरच्या रेघा केसाच्या हजाराव्या भागाएवढ्या असतात, त्या जिथं कोरतात त्या खोलीत आपल्या इथल्या हवेतला एक कणही चालत नाही. माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात आत जातात. मी आमच्या भिंतींकडं बघितलं. चाळीस वर्षांची लाल धूळ.

दुसरा संवाद, तोच प्रश्न, नाही, टक्. तिसरा, तोच प्रश्न, नाही, टक्. तीनच वेळा तिनं खरं विचारलं. चौथ्यापासून वेगळंच सुरू झालं. एकदा ती म्हणाली दर महिन्याला येईन. एकदा म्हणाली बाबांनी हो म्हटलंय. एकदा आजारी पडली, एकदा रडली. एकदा म्हणाली इथं मला कोंडल्यासारखं होतं. त्या दुसरीनं, माझ्या नकलेनं, सगळ्याला नाही म्हटलं. हुबेहूब मी. शिव्यासुद्धा माझ्याच.

सुयोग मधलं गाळत पुढं जात होता. एकशे अठ्ठ्याऐंशीव्याला दुर्वा तिच्यावर ओरडली. "तू शिकली नाहीस म्हणून मीही शिकायचं नाही का? तुला डंख चालवायला माणूस पाहिजे, नात नको." माझ्या तोंडावर ती असं कधी बोलली नाही. आणि ती दुसरी रडायला लागली. मी माझं रडणं आयुष्यात पहिल्यांदा कानांनी ऐकलं. सुयोगचे वडील गेले त्या आठवड्यात, कांडप बंद असताना, मी दार लावून इथं बसले होते. कानी उघडी होती तर.

दुर्वानं तिला पुसलं. मग पाटीवर स्वतःसाठी दोन शब्द बोलली, तेही नोंदीत होते. इथं रडते, टाळायचं.

पुढं प्रोग्रामिंग आलं. आधी शिलाई मशीनचा दाखला, दुसरी म्हणाली मला नाही कळत. मग भाकरीचा. मग विणकामाचा. मग डंखाचा. उचल, आपट, चाळ. आणि ती दुसरी हसली. खूश होऊन, लहान पोरीसारखी हसली. दुर्वा म्हणाली, हे ठेवायचं.

इथं मी सुयोगला म्हटलं, आता एकदम शेवटचं लाव.

सातशे बारावं. दुर्वा म्हणत होती, हा नको, फार अवघड आहे, मला नाही झेपायचा. आणि ती दुसरी बया तिच्यावर तोफेसारखी सुटली. घ्यायचा म्हणजे घ्यायचा.

आठ वाजले होते. मी उठून कांडप उघडलं.

दुपारी चारला दुर्वा आली ती पाटी न घेता. बापानं सांगितलं असणार. मी तिला बस म्हटलं नाही, ती बसलीही नाही.

"मी सगळ्यात आधी खरंच विचारलं होतं, आक्का," ती म्हणाली.

"कुणाला?"

ती पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिली. मग म्हणाली, "ती तीन वेळा नाही म्हणाली."

"मी किती वेळा म्हणते?"

मी मिरचीचे देठ खुडत होते, तेच करत विचारलं, नववीत हंपीची सहल निघाली होती, तेव्हा मी किती दिवस नाही म्हणत होते?

"चार."

"आणि पाचव्या दिवशी सकाळी बॅगेवर काय होतं?"

"धपाटे," ती इतक्या हळू म्हणाली की डंख चालू असता तर ऐकू आलं नसतं.

मी तिला सांगितलं की त्या भिंतीवरच्या डबीवर माझा राग नाही. तिला डोळे नाहीत. धपाटे थापल्याचा आवाज तिच्यापर्यंत येत नाही, डबा उचलल्याचा आवाज डंखात बुडतो. सहा वर्षं तिनं फक्त माझं नाही ऐकलं. त्या नाहीनंतर मी काय करते हे तिला कळायचा मार्गच नव्हता. तिच्यातून जी बाई बनवली ती अर्धीच झाली, तोंड आहे आणि हात नाहीत.

"पण तू या पोत्यांवर वाढलीस," मी म्हटलं. "तुला माहीत होतं. उदगावच्या कमलला जे माहीत आहे ते तुला माहीत होतं."

तेव्हा तिनं वर बघितलं. डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. आपल्या रक्ताची आहे, एवढं मी तिथंच कबूल केलं.

"कमलला फक्त तिखट पाहिजे असतं, आक्का. तिला तुझी भीती वाटत नाही. तुझ्यासमोर उभं राहिलं की मला सगळं विसरायला होतं. त्या नकलेनं नाही म्हटलं की मला तिला बंद करता यायचं. तुला करता येत नाही."

"म्हणून तिला रडवलंस?"

"ते मी पुसलं."

"मी ऐकलं," मी म्हटलं.

ती गेली. मी खुडलेल्या देठांकडं बघितलं तर देठ टोपलीत होते आणि मिरच्या खाली केरात.

गुरुवारी, शुक्रवारी मी घरात कुणाशी बोलले नाही. कानी सकाळी उघडली की विचारायची, आपला निर्णय? मी लसूण सोलत राहायची. माझ्या मनात काय होतं म्हणाल तर एकच हिशेब होता. तिनं मला विचारलं असतं तर काय झालं असतं? मी नाही म्हटलं असतं. पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, आठवडाभर म्हटलं असतं. शिव्या दिल्या असत्या. मग एखाद्या सकाळी तिच्या बॅगेचं तुटलेलं चाक बसवून आणलं असतं आणि त्याबद्दल एक शब्द बोलले नसते. हे मला जसं आज लख्ख दिसतं, तसंच ते तिला दिसायला हवं होतं. आता ते सिद्ध करायची सोय नाही. माझ्या त्या नाहीनंतरचं सगळं तिनं कापून टाकलं, आणि ज्या होकारावर मी आठवडाभर मिरवले, तो माझा नव्हताच. मला तो द्यायला लावलं होतं. डंखात जे पडतं ते स्वतःहून बारीक होत नाही.

सुयोग एकदा समोर येऊन उभा राहिला. म्हणाला, आक्का, पोरीचं वर्ष आहे. मी त्याच्याकडं बघितलं नाही.

शनिवारी हंगामातली शेवटची गर्दी होती. पाचच्या सुमाराला मी मान वर केली, तर रांगेत कमलच्या मागं दुर्वा उभी. हातात स्टीलचा डबा. पुढच्या बायका तिला म्हणत होत्या, अगं घरची तू, आत ये. ती हलली नाही. तिची पाळी आली तेव्हा सहाला पाच-सात मिनिटं राहिली असतील.

तिनं डबा माझ्यासमोर जमिनीवर ठेवला आणि झाकण काढलं. ब्याडगी आणि संकेश्वरी, मी घालते त्याच प्रमाणात. देठ स्वतः खुडलेले, बोटं लाल झाली होती. वर्षाचं तिखट आमच्याकडं एप्रिलातच होतं. दिवाळीनंतर कुठं न्यायचं असलं तरी आत्ताच कांडायला लागतं.

"आक्का, मला कोइमतूरला जायचंय. चार वर्षं," ती म्हणाली. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. "हे तिथं न्यायचंय. देशील कांडून?"

सगळ्या बायका थांबल्या. त्यांना माहीत होतं मी काय म्हणणार. दुर्वालाही माहीत होतं. ती त्या शब्दासाठीच तयार होऊन आली होती. माझं नाही ऐकायचं आणि उभं राहायचं, रात्रीपर्यंत, उद्यापर्यंत, जितके दिवस लागतील तितके. तिच्या उभं राहण्यावरून मला कळत होतं. आता तिला रीत आठवली होती.

तेवढ्यात भिंतीवर दिवा लागला. "शालन रघुनाथ खोत," कानी म्हणाली, "वेळ संपत आली आहे. आपला निर्णय?"

मी दुर्वाकडं बघतच भिंतीशी बोलले.

"मान्य."

"धन्यवाद. योजना कायम झाली आहे."

कमलचा हात तोंडावर गेला. चाळीस वर्षांत तिनं माझ्या तोंडून असलं काही ऐकलं नव्हतं. कुणीच ऐकलं नव्हतं. मागं सुयोगनं सुस्कारा सोडला. दुर्वाचा चेहरा क्षणभर उजळला, आणि मग तिचं लक्ष माझ्या हातांकडं गेलं.

तिला जे हवं होतं ते तिनं यंत्राकडं मागितलं होतं. ते मी यंत्राला दिलं. कॉलेजात जाईल, चिपघडण शिकेल, त्या पांढऱ्या खोलीत उभी राहील. तिचं वर्ष मी बुडवलं नाही, आणि कुणी म्हणायचं नाही की खोतांच्या शालननं नातीची वाट अडवली.

मी हात पदराखाली घेतले.

कमलचा डबा रांगेत होता. तिच्या पुढचे, त्यांच्याही पुढचे सगळे रांगेत होते. दुर्वाचा डबा तिनं ठेवला होता तिथंच, माझ्या पायाशी, झाकण उघडं. सुयोग वाकून तो उचलायला लागला तर दुर्वानंच त्याला अडवलं. एवढं तरी तिला कळत होतं.

डंख पुन्हा सुरू झाला. बायका हळूहळू आपापली तिखटं घेऊन निघाल्या. ती उभीच राहिली. पण मी नाही म्हटलं नव्हतं, आणि त्यामुळं किती वेळ उभं राहायचं ते तिला कळेना.